थंडीतच गार पडणाऱ्या मुठी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. कारण लागतं, फक्त ते त्यांना पटकन सापडतं. त्या वर्षीच्या थंडीत मात्र त्यांना चुकीचं कारण सापडलं, आणि त्या कारणावर त्यांनी अख्खा हिवाळा तोंड सोडलं. म्हणून ही हकीकत.

जाऊबाई सुईण आहेत. शिकून, परीक्षा देऊन झालेल्या. डोंगरातल्या वस्त्यांवर ज्या बायकांना दवाखान्यापर्यंत पोचता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्या बाळंतपण करतात. तिकडचे रस्ते असे की चारचाकी निम्म्यातच मान टाकते, म्हणून पहिल्यापासून त्यांची मोटरसायकल. मागे औषधांची पत्र्याची पेटी दोरीनं आवळलेली, अंगावर दिरांचा जुना जाड कोट, डोक्यावर हेल्मेट. उंची बेताची; सिग्नलला थांबल्या की पायाची बोटं तेवढी टेकतात. माझा नवरा म्हणतो, ती गाडी वहिनीला घाबरूनच सरळ उभी राहते.

घर दुमजली. खाली आम्ही, वर जाऊबाई आणि मोठे दीर. दीर बस चालवायचे, आता घरीच असतात. त्यांना गावात सगळे ब्रेकदादा म्हणतात. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून साधा आरसासुद्धा फुटला नाही, आणि प्रवासी म्हणायचे, फुटेल कसा, पाय ब्रेकवरून उठला तर ना! माणूस शांत, नेटका, शब्दानं कुणाला न दुखावणारा. डब्यांना चिठ्ठ्या लावतील, फाटक्या गोष्टी चिकटवून ठेवतील. आणि बायको अशी की जिना उतरताना शेवटच्या पायऱ्या उडी मारून संपवणारी. इतकी वर्षं हा संसार कसा चालला, असं मला नवीन लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं. मग कळलं, तो त्या बडबडतात आणि हे ऐकतात म्हणून चालला.

आदल्या हिवाळ्यात जाऊबाई गाडीवरून पडल्या. रस्त्यावर पाणी गोठलं होतं, गाडी आडवी झाली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून महिना-दीड महिना घरात. दिरांनी त्यांना भरवलं, वेणी घातली, कोटाची बटणं लावली. वेणी वाकडी यायची, त्यावरूनही जाऊबाई त्यांना बोलायच्या. हाड जुळलं आणि त्या परत गाडीवर बसल्या.

"आता पुरे कर," असं दीर एकदोनदा म्हणाले.

"मी पुरे म्हणेन तेव्हा पुरे," जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर दिरांनी तो विषय काढला नाही. माणूस गप्प बसला की त्याला पटलं, असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच धरलं.

पुढच्या थंडीच्या तोंडावर जाऊबाईंच्या लेकीनं परगावाहून एक खोकं पाठवलं. आत हँडलच्या दोन रबरी मुठी, पण साध्या नाहीत. पोटात तार असलेल्या. बॅटरीला जोडायच्या, अंगठ्याजवळचं बटण दाबायचं, त्यात हिरवा दिवा लागतो आणि थोड्या वेळात मुठी तापतात. आम्ही असलं काही पाहिलं नव्हतं. बाजारपेठेच्या टोकाला गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकनं त्या बसवून दिल्या. त्याला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण कुठलीही गाडी नेली की तो "उद्या या" म्हणतो. पण जाऊबाईंना तो कधी उद्या म्हणाला नाही. सुईणीची गाडी त्याच दिवशी, हा त्याचा नियम.

मुठी बसल्या आणि जाऊबाई पोरीसारख्या खूश. सुईणीच्या हाताला दोनच गोष्टी लागतात, तो ऊबदार असावा आणि त्याला कळावं. आजवर थंडीत कुणाच्या घरी पोचल्या की आधी बराच वेळ चुलीजवळ नाहीतर हीटरसमोर हात धरून बसावं लागे. आता गाडीवरून उतरल्या की थेट कामाला. "मी पोटाला हात लावला आणि ती बाई दचकली नाही," त्या मला सांगत होत्या. "नाहीतर दरवेळी बाळसुद्धा आत लाथ मारतं, ही कोण आली म्हणून!"

मग मुठी बिघडल्या.

बिघडल्या म्हणजे पूर्ण बिघडल्या असत्या तर बरं. काही सकाळी चालायच्या, काही सकाळी नाही. हिरवा दिवा लागायचा, मुठी मात्र दगडासारख्या गार. आणि नेमकं ज्या पहाटे गवतावर पांढरं हिव पडलेलं असे, त्याच पहाटे. जाऊबाई घाट चढून जायच्या, हात आखडलेले घेऊन परत यायच्या, डुलकी काढायच्या आणि दुपारी गाडी घेऊन उद्याकडे जायच्या. तिथं बटण दाबलं की मुठी मस्त गरम! दुखणं वैद्याचा उंबरठा ओलांडला की पळून जातं, तसं.

एकदा मी मागे बसून गेले होते. उद्यानं दोन्ही मुठींना हात लावून पाहिलं, हँडल डावीउजवीकडे पूर्ण फिरवलं, वायरी हलवून पाहिल्या. तो म्हणाला, "हे बघा बाई, उजवी मूठ रेस द्यायला सारखी फिरते. तिची वायर वाकून वाकून तुटू शकते. पण मग उजवी एकटीच गार पडेल. तुमच्या दोन्ही एकदम पडतात. म्हणजे दोघींना जिथून करंट जातो, तिथं काहीतरी आहे."

"मग बघा ना तिथं."

"बघतोय. पण आत्ता सगळं चालू आहे. चालू वस्तूतला दोष कसा दाखवू?" त्यानं डोकं खाजवलं. "थंडीत बॅटरी मरगळते. ती कमी पडली की हे बटण मुठींना करंट देत नाही, गाडी सुरू व्हावी म्हणून राखून ठेवतं. बॅटरी बदलून बघू."

बॅटरी बदलली. पुढचं हिव पडलं आणि मुठी पुन्हा गार. त्यानं फ्यूज बदलला. जोडांवर ग्रीस लावलं, ओल शिरायला नको म्हणून. पुन्हा हिव, पुन्हा गार.

घरी रात्रीच्या जेवणाला जाऊबाईंचा तोंडाचा पट्टा सुरू. "तो मला बनवतोय. आधी काहीतरी ढिलं ठेवतो, मग मी परत येते, मग नवीन काहीतरी गळ्यात मारतो!"

मी म्हटलं, "ताई, तो तसा नाही वाटत."

"तुला काय कळतं? अहो, तुम्ही सांगा. तुमचं काय मत?"

दीर ताटातलं नीट आवरत म्हणाले, "असेलही. आजकाल कुणाचा भरवसा नाही. मी म्हणतो, नादच सोड. मुठी चालत नाहीत तर चालत नाहीत. जास्त थंडी असेल त्या दिवशी मोठ्या दवाखान्याच्या गाडीला जाऊ दे वस्तीवर."

"ती गाडी निम्म्या रस्त्यात थांबते, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि उठून ताट धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी बाजारात जाऊन जे केलं ते अख्ख्या पेठेनं पाहिलं. गॅरेजमध्ये चारपाच गिऱ्हाईकं उभी होती. जाऊबाईंनी गाडी थेट आत घातली, इंजिन चालूच ठेवलं आणि त्या आवाजावर आवाज चढवला. "माझे हात गोठले की तुझं दुकान चालतं का? नवी बॅटरी, नवा फ्यूज, उद्या काय नवं इंजिन? चोर आहेस तू!"

उद्या त्या वेळी एका गाडीखाली आडवा पडला होता. तो बाहेर आला. हात पुसले. कुणी चोर म्हटलं तर माणूस एक तर ओरडतो किंवा हसण्यावारी नेतो. त्यानं दोन्ही केलं नाही. इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून जाऊबाईंच्या हातात ठेवली.

"माझ्या हातात असते तेव्हा तुमची गाडी चालते, बाई. यापेक्षा मी काय करू?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्ही मात्र म्हटलंत." आणि तो परत गाडीखाली गेला.

जाऊबाई घरी आल्या त्या धुमसतच. पण मला वाटतं, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा जरा टोचलं. कारण दुपारभर त्या त्याच्याबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त भांडी आपटत होत्या.

मग ती पहाट आली. आदल्या संध्याकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं, रात्री कडाक्याचं हिव पडलं. उजाडायच्या सुमाराला घाटावरच्या वस्तीतून फोन आला. पहिलटकरीण, कळा जोरात. जाऊबाई निघाल्या. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि घाट चढेपर्यंत मुठींत एक कण ऊब आली नाही. हातमोजे होते, पण वाऱ्याला हातमोज्यांचं काय! त्या पोचल्या तेव्हा बोटं मधल्या पेरापर्यंत पांढरी पडली होती.

त्या घरातलं मी पाहिलेलं नाही, जाऊबाईंनी सांगितलं तेवढंच सांगते. चुलीजवळ बसायला वेळच मिळाला नाही, पोर अगदी बाहेर यायला टेकलेलं. त्यांनी कोमट पाण्यात हात घातले तर ते पाणी उकळत्यासारखं भाजलं. बाळाचं डोकं बाहेर आलं. अशा वेळी सुईण बाळाच्या मानेशी बोट घालून पाहते, नाळेचा वेढा पडलाय का. जाऊबाईंनी बोट घातलं. काही लागलं नाही. वेढा नाही, असं समजून त्या पुढच्या कळेची वाट पाहत राहिल्या. कळ आली, त्या पहिलटकरणीनं जीव एकवटला, पण बाळ पुढे सरकेना. चेहरा निळा पडायला लागला. त्यांनी दिवा जवळ घ्यायला सांगितला, वाकून पाहिलं. वेढा होता. घट्ट. त्यांच्या बोटाखालूनच गेलेला होता आणि बोटाला कळलाच नव्हता.

त्यांनी तो डोळ्यांनी पाहत पाहत, लाकडी बोटांनी सोडवला. बाळ आलं ते मुकंच. पाठ चोळली, तोंड साफ केलं, तोंडानं श्वास दिला. रडलं शेवटी. पण ते रडेपर्यंत त्या खोलीत कुणीही श्वास घेतला नव्हता. पोरीची सासू सगळं पाहत होती. तिनं जाऊबाईंचा हात धरला, सोडला आणि म्हणाली, "बाई, तुमचे हात मेलेल्या माणसाचे आहेत."

जाऊबाई घरी आल्या. नेहमी आल्या की पेटी खाली ठेवून सरळ अंथरुणात शिरतात. त्या दिवशी त्यांनी गाडी अंगणाच्या मधोमध उभी केली, कोट काढला, बाह्या वर केल्या आणि मला हाक मारली. "खाली ये. तुझ्या नवऱ्याची हत्यारांची पेटी आण. आणि करंट तपासायचा तो वायरी लावलेला दिवा."

"झोपा ना जरा, ताई. तोंड बघा कसं झालंय."

"नाही. आज ही मेलेली आहे तोवरच हिचं पोट उघडायचं. दुखणं चालू असताना तपासायचं असतं, थांबल्यावर नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आले आणि गाडीच्या बाबतीत मला सुचलं नाही! दरवेळी झोपून उठल्यावर न्यायचे त्या बिचाऱ्याकडे."

'बिचारा' हा शब्द तेव्हा त्यांच्या तोंडून सुटला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही दोघींनी गाडी उघडायला घेतली. आम्हाला दोघींनाही त्यातलं काही कळत नव्हतं. आधी त्यांनी हेडलाइट खोलला, त्यात वायरींचं असं जंजाळ निघालं की तो तसाच परत बसवला. एक स्क्रू आमच्याकडे उरला, तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मग सीट काढली. जाऊबाई उद्याचे शब्द आठवून आठवून पुढे जात होत्या. "फ्यूज. बघ, शाबूत आहे. बॅटरीला दिवा लाव. लागला? आता बटणापर्यंत येणाऱ्या वायरीला लाव."

दिवा लागला.

"म्हणजे इथपर्यंत करंट येतो. हिरवा दिवा खोटं बोलत नाही. आता इथून पुढे." त्यांनी बटणातून निघालेल्या वायरीवर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत टाकीच्या कडेनं मागे नेलं. वायर डाव्या बाजूच्या झाकणाआड जात होती. ते झाकण हातानंच निघतं. काढलं.

आत एक प्लास्टिकचा जोड होता, तो सुटलेला. एक तोंड इकडे, एक तिकडे.

"सापडलं!" मी म्हटलं. "हादऱ्यांनी निसटलं असणार."

जाऊबाईंनी दोन्ही तोंडांवरची काळी टेप काढली आणि जोड लावून पाहिला. टक्‌ असा आवाज झाला. ओढला, निघेना. जोर लावला, तरी निघेना. वरची छोटी खिट्टी नखानं दाबली तेव्हाच तो सुटला. हादऱ्यांनी खिट्टी दाबली जात नाही.  मग त्यांनी काढलेली टेप उजेडात धरली. दोन्ही तोंडांवर ती गुंडाळलेली होती, आत ओल जाऊ नये म्हणून, अगदी निगुतीनं. आणि टेपचं टोक आत दुमडलेलं. पुन्हा सोडवताना नखानं खरवडावं लागू नये म्हणून असं टोक दुमडून ठेवणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक पाकिटाला तसं टोक असतं.

मला घाम फुटला. त्या थंडीत. "ताई," मी म्हटलं, "आधी जरा बसा."

तेवढ्यात फाटक वाजलं. मोठे दीर पाव घेऊन येत होते. अंगणात सीट, झाकण, हत्यारं पसरलेली पाहून ते जागीच थांबले. पावाची पिशवी त्यांनी छातीशी धरली.

जाऊबाईंनी टेप हातात धरून विचारलं, "हे तू केलंस?"

लग्नाला तीसेक वर्षं झालेली. या सगळ्या वर्षांत त्या नवऱ्याला काय काय बोलल्या असतील, पण 'अहो' सोडून कधी नाही. 'तू' ऐकलं आणि दीर चाबूक बसल्यासारखे मागे सरले.

"ऐक तर," ते म्हणाले.

"हो की नाही, एवढंच."

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हिव पडणार असं दिसलं की. संध्याकाळी आकाश बघायचो." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "तू येऊन झोपलीस की परत जोडायचो. बाकीच्या दिवशी तुझे हात उगाच गार कशाला राहावेत, म्हणून."

हे ऐकून जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना अनेकदा रागावलेलं पाहिलंय, पण ते सगळे राग म्हणजे पाण्याचे बुडबुडे. हा वेगळा होता. आवाज चढलाच नाही, उलट एकेक शब्द दाताखालून आला.

"म्हणजे माझ्यावर मायासुद्धा केलीस तू. सोयीनं."

"मला वाटलं, मुठी चालत नाहीत म्हटल्यावर कंटाळून जायची थांबशील. गेल्या वर्षी तुला उचलून आणली तेव्हा मी..."

"मी थांबले का? एकदा तरी थांबले? हात गोठवून गेले, पण गेलेच ना! मग पहिल्या दिवशीच तुझी अक्कल संपायला हवी होती. आज काय झालं सांगू? आज पोराच्या गळ्याला वेढा होता आणि माझ्या या बोटाला तो लागला नाही. निळं पडलं ते. माझ्या हातात निळं पडलं!"

दिरांच्या हातातली पिशवी खाली पडली. "जगलं?" त्यांनी विचारलं.

"जगलं. तुझ्या कृपेनं नाही." त्या त्यांच्या अगदी जवळ गेल्या. "आणि जेवायला बसून काय म्हणालास? 'असेलही, कुणाचा भरवसा नाही.' त्या माणसाला मी भर पेठेत चोर म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आणि चोर माझ्या ताटाला ताट लावून जेवत होता!"

दीर रडायला लागले. मी कुठं बघावं हे मला कळेना. मी पाव गोळा केले. जाऊबाईंना त्यांच्या रडण्यानं आणखीच चीड आली. "रडू नकोस. भीती वाटत होती तर तोंड होतं ना? भांडायचं होतंस माझ्याशी. ओरडायचं, गाडीपुढे आडवं पडायचं. मी ऐकलं नसतं, पण ते भांडण तरी खरं झालं असतं. हे काय, उंदरासारखं वायरी कुरतडणं!"

मग त्यांनी जोड टक्‌कन लावला, झाकण बसवलं, सीट बसवली. "कोट घाल," त्या म्हणाल्या. "पेठेत जायचंय."

"आत्ता?"

"लोक असतील तेव्हाच जायचं. मी लोकांसमोर बोलले होते."

दोघं गाडीवरून गेले. मागे बसलेल्या दिरांनी त्यांच्या कोटाला धरलं नव्हतं, सीटच्या मागच्या कडीला धरलं होतं. मी पायी गेले, मागोमाग. राहवेचना. पोचले तेव्हा गॅरेजच्या दारात माणसं जमलीच होती. दीर मान खाली घालून सांगत होते, कुठला जोड, कसा सोडायचो, कधी लावायचो. सगळं सांगून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तुला चोर म्हटलं ते चूक. तू सांगितलं होतंस की दोघींना जिथून करंट जातो तिथं काहीतरी आहे. तिथंच होतं. मी तुझी माफी मागते."

कुणाला वाटलं असेल, आता तो म्हणेल, जाऊ द्या बाई, होतं असं. मलाही वाटलं होतं. उद्या हातातला पाना फिरवत उभा होता. त्याची मान लाल झाली होती.

"मी रात्र रात्र विचार करायचो," तो म्हणाला, "की माझ्या हातून कुठं चुकतंय. दुसऱ्यांच्या गाड्या जोडताना माझे हात कापायला लागले होते. बायकोनं विचारलं, खरंच काही केलंस का रे? माझ्या बायकोनं!" तो दिरांकडे वळला. "दादा, तुम्ही रोज पाव घ्यायला इथून जाता. रोज मला हात करता. तेव्हाही करत होतात."

मग तो जाऊबाईंकडे वळला.

"माफी मागितलीत, ऐकली मी. पण तुमची गाडी यापुढे या दारात नको."

गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अरे, सुईणबाई आहेत, असं काय करतोस?" जाऊबाईंनी गर्रकन वळून त्यालाच झापलं. "तुला काय करायचंय? त्याचा राग आहे, त्याला ठेवू दे!"

त्यानंतर पुष्कळ दिवस जाऊबाई माझ्याकडे खालीच झोपल्या. दीर वरती एकटे. सकाळी ते चहाचा कप जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून जायचे. त्या तो प्यायच्या, कप धुऊन त्याच पायरीवर ठेवायच्या, एक शब्द नाही. माझा नवरा मध्यस्थी करायला गेला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन आला. त्या वस्तीवरच्या घरी जाऊबाई बाळाला बघायला गेल्या, तेव्हा त्यांनी सासूला सगळं सांगून टाकलं, हात का मेले होते ते. सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुढच्या वेळी दुसऱ्या सुईणीला बोलावू. जाऊबाई म्हणाल्या, बोलवा. घरी आल्यावर दारातच हेल्मेट काढून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, एवढंच मी पाहिलं.

गाडी आता जाऊबाई शेजारच्या गावात नेतात. तिथला मेकॅनिक बरा आहे, पण सावकाश आहे. छोटंमोठं काम दोघी मिळून आम्हीच करतो. उद्याच्या गॅरेजवरून जाताना त्या गाडी हळू करतात. तो मान वर करत नाही. मी एकदा म्हटलं, इतका काय ताठा! तर मलाच ऐकावं लागलं, "त्याच्या जागी मी असते तर पाना फेकून मारला असता."

वर परत राहायला गेल्या त्या एका अटीवर. ती अट त्यांनी जिन्यात उभं राहून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी सांगितली. "भीती वाटली तर तोंडानं सांगायचं. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. आणि सांगितलं म्हणून मी थांबेन, असं समजायचं नाही." दिरांनी मान डोलावली. "मान नको. तोंड," जाऊबाई म्हणाल्या. 'अहो' मात्र परत आलं नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा त्या नवऱ्याला 'तू' म्हणतात आणि पाहुणे चहात तोंड घालतात.

मोठ्या दिरांना बोलायची सवय नाही, त्यांना ते फार जड गेलं. पहिल्या वेळी तर फोन आला, जाऊबाई निघाल्या, पेटी बांधली, आणि हे नुसते उंबऱ्यात उभे. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठं त्यांच्या तोंडून निघालं. आता सरावलेत. पहाटे फोन वाजला की वरच्या मजल्यावर धावपळ होते, जिन्यावर पावलं वाजतात, शेवटच्या पायऱ्यांची उडी ऐकू येते, आणि मागून दिरांचा आवाज येतो. कधी झोपेतला, कधी दात घासता घासता फेसातून आलेला, कधी चांगला खणखणीत चिडलेला.

"मला भीती वाटते! रस्ता गोठलाय! जाऊ नकोस!"

"ऐकलं!" जाऊबाई खालून ओरडतात, आणि गाडीला किक मारतात.